उघड्या जमिनीवर जगणारं रान: नायजरमधल्या वाघपट्ट्यांचं प्रकरण

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाची राजधानी नियामे. शहराबाहेर पडलं की थोड्याच वेळात सपाट माथ्याची लालसर पठारं लागतात. माथ्यावर जांभ्या दगडाचं कठीण टोपण आणि त्यावर खडीमिश्रित मातीचा पातळ थर. कोकणातला सडा पाहिलेल्याला हा दगड परका वाटणार नाही. फरक आहे तो पावसाचा. इथं वर्षाला सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या दुष्काळी पट्ट्यात पडतो साधारण तेवढाच. तोही जून ते सप्टेंबरच्या दरम्यान, आणि बहुतेक सगळा वादळी सरींचा. तास-दीड तास धो-धो कोसळतो, मग कित्येक दिवस कडक ऊन.

या पठारावर पायी चालणाऱ्याला फारसं काही वेगळं जाणवत नाही. पन्नास ते शंभर मीटर उघडी, टणक जमीन लागते. मग एकदम दाट झुडुपं, दहा ते तीस मीटर रुंदीची. ती ओलांडली की पुन्हा उघडी जमीन, पुन्हा झुडुपं. वरून पाहिलं की चित्र पालटतं. काळपट आणि फिकट पट्टे एकाआड एक, एकमेकांना समांतर, मैलोन् मैल पसरलेले. कुणी आखून लावलेले नाहीत. १९५६ साली क्लो-आर्सदुक या अभ्यासकांनी हवाई छायाचित्रांवरून या रचनेचं वर्णन केलं आणि तिला ‘ब्रूस तिग्रे’, म्हणजे वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांसारखं झुडुपी रान, हे नाव रुळलं. मी पुढे ‘वाघपट्टे’ म्हणतो.

अशा रचना ऑस्ट्रेलियात, मेक्सिकोत, सुदानमध्ये, सोमालियातही आहेत. त्यातलं नियामेचं प्रकरण मी निवडलं याचं कारण सरळ आहे. इथं पाणी प्रत्यक्ष मोजलं गेलं, गणित मांडलं गेलं, आणि त्याच काळात एक वाढतं शहर हेच रान सरपणासाठी तोडत होतं. नक्षी कशी तयार होते आणि ती कशी मोडते, या दोन्ही गोष्टी एकाच पठारावर पाहायला मिळतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: उघडा पट्टा हा त्या रानाचाच अर्धा भाग आहे. ही गोष्ट ज्यांच्या हिशेबात आली नाही, त्यांचे इथले पुढचे सगळे निर्णय चुकत गेले.

पट्ट्याच्या आत काय चालतं

पठार सपाट दिसतं, पण अगदी सपाट नसतं. शंभर मीटर चाललं की वीस-पन्नास सेंटिमीटरचा उतार पडतो. डोळ्यांना तो कळत नाही, पाण्याला कळतो. झुडुपांचे पट्टे या उताराला आडवे असतात, म्हणजे समपातळी रेषांच्या बाजूने पसरलेले. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकीचं आपोआप उलगडतं.

उघड्या जमिनीपासून सुरुवात करू. पावसाचे थेंब उघड्या मातीवर आदळतात, बारीक कण सुटतात, भेगांमध्ये बसतात आणि वाळल्यावर वर एक पापुद्रा धरतो. काही ठिकाणी या पापुद्र्यात खडे घट्ट रुतलेले असतात. त्यातून पाणी आत शिरत नाही. पडलेल्या पावसापैकी निम्म्याच्या आसपास पाणी पातळ चादरीसारखं उताराकडे वाहायला लागतं. ओहोळ नाही, नाला नाही, बोटभरही खोली नसलेली एक सलग चादर.

ही चादर खालच्या झुडुपपट्ट्याच्या वरच्या कडेला येऊन थबकते. तिथं तिचा वेग मोडतो, सोबतचा गाळ खाली बसतो, पाणी काही काळ साचून राहतं. या गाळाच्या ओलसर कडेवर पावसाळ्यात हंगामी गवत उगवतं आणि झुडुपांची नवी रोपं इथंच धरतात. संपूर्ण पठारावर रोप जगण्याची सर्वांत जास्त शक्यता कुठे असेल, तर ती या अरुंद कडेवर.

त्याच्या खाली पट्ट्याचा गाभा. इथं कॉम्ब्रेटम मायक्रान्थम आणि गिएरा सेनेगालेन्सिस ही झुडुपं दाटीनं वाढतात. हाउसा भाषक त्यांना अनुक्रमे ‘गेझा’ आणि ‘सबारा’ म्हणतात. दोन्ही आपल्या ऐन, अर्जुन, हिरड्याच्याच कुळातली. गेझाच्या पानांचा काढा पश्चिम आफ्रिकेत ‘किंकेलिबा’ या नावानं घरोघर पितात. गाभ्यात सावली असते, पाचोळ्याचा थर असतो, आणि पाचोळ्याखाली वाळवी असते. वाळवीचं काम इथं फार मोलाचं आहे. ती पाचोळा आणि वाळकं लाकूड खाते, मातीत बोगदे काढते, पापुद्रा फोडते. उघड्या जमिनीवर जे पाणी आत शिरायला तयार नसतं, तेच पाणी इथं या बोगद्यांतून झपाट्यानं खाली उतरतं. वाऱ्यानं आलेली धूळही झुडुपांत अडकते आणि मातीत भर पडते. झुडुपं आहेत म्हणून पाणी मुरतं, पाणी मुरतं म्हणून झुडुपं आहेत.

पट्ट्याची खालची कड मात्र उदास असते. वरून आलेलं पाणी गाभ्यानंच पिऊन टाकलेलं असतं. इथं पोहोचतं ते फक्त आभाळातून थेट पडलेलं, आणि त्यावर झुडूप जगत नाही. वाळलेली खोडं, मेलेल्या फांद्या, हळूहळू उघडी पडणारी माती. वाळवी लाकूड संपवते, बोगदे बुजतात, पापुद्रा पुन्हा धरतो. आणि तिथून खालच्या पट्ट्यासाठी पाणी वाहू लागतं.

पाण्याचं गणित

हे गणित हातानं करून पाहण्यासारखं आहे, म्हणून एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेलं उदाहरण घेतो. उघडा पट्टा साठ मीटर, झुडुपांचा पट्टा वीस मीटर. उताराच्या दिशेनं एक मीटर रुंदीची एक पट्टी कापून घेतली असं समजा. वीस मिलिमीटरची एक सर आली. उघड्या साठ मीटरवर बाराशे लिटर पाणी पडलं, त्यातलं निम्मं, सहाशे लिटर, वाहत खाली आलं. ते पट्ट्याच्या वरच्या दहा मीटरांतच जिरलं असं धरू. त्या दहा मीटरांवर स्वतःचे दोनशे लिटर पडलेच होते. एकूण आठशे लिटर दहा चौरस मीटरवर, म्हणजे ऐंशी मिलिमीटर. पाऊस पडला वीस, गाभ्याला मिळाला ऐंशी.

ही चौपट माझ्या सोयीची नाही. १९९२ साली नियामेच्या परिसरात ‘हापेक्स-साहेल’ नावाचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला. साहेलमधली, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या निमकोरड्या पट्ट्यातली, जमीन आणि वातावरण यांच्यात पाण्याची आणि उष्णतेची देवाणघेवाण कशी होते, हे त्यात मोजायचं होतं. वाघपट्ट्यांचं पठार हा त्यातला एक ठळक भाग. सिल्वी गाल आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली इथल्या पाण्याचा ताळेबंद प्रसिद्ध केला. त्यांनी उघडी जमीन, वरची कड, गाभा आणि खालची मरती कड वेगवेगळी धरून मोजमाप केलं होतं. गाभ्यात मुरणारं पाणी पडलेल्या पावसाच्या जवळपास चौपट निघालं. वर्षाचा हिशेब लावला तर ५५० मिलिमीटरच्या प्रदेशातल्या त्या झुडुपांना दोन हजारांहून जास्त मिलिमीटर पाणी मिळतं. मुंबईत वर्षभरात पडतो, जवळपास तितका पाऊस.

आता उलटा विचार करा. हेच पाणी सगळ्या पठारावर सारखं वाटलं असतं तर? प्रत्येक चौरस मीटरला ५५० मिलिमीटर, त्यातलं बरंच उन्हानं वर खेचून घेतलेलं. त्यावर तुरळक, खुरटी झाडं कशीबशी जगली असती आणि एखाद्या कोरड्या वर्षी एकदम गेली असती. क्रिस्तियान व्हालँताँ आणि जाँ-मार्क देर्बेस या अभ्यासकांनी वाघपट्ट्यांना नैसर्गिक जलसंधारण व्यवस्था म्हटलं आहे, ते शब्दशः खरं आहे. आपल्याकडे डोंगरउतारावर सलग समतल चर खणतात, तेव्हा आपण नेमकं हेच करत असतो: उताराला आडवी रेष, वरच्या उघड्या जागेचं पाणी तिथं अडवायचं, आणि तिथंच झाड लावायचं. दोन चरांमध्ये किती अंतर ठेवायचं हे आपण उतार आणि पाऊस पाहून ठरवतो. पठारावर ते अंतर झुडुपांच्या जगण्या-मरण्यातून ठरतं.

ही नक्षी आली कुठून

सुरुवातीला शंका मातीवर जाणं साहजिक होतं. खाली खडकाची काही रचना असेल, मातीत पट्टे असतील, आणि झाडं त्या पट्ट्यांवर उगवली असतील. ब्रिटिश सोमालीलँडमधल्या अशाच कमानदार झुडुपरेषांचं वर्णन भूशास्त्रज्ञ मॅकफॅडियन यांनी १९५० मध्येच हवाई छायाचित्रांवरून केलं होतं. पण पट्ट्यांखाली त्यांच्याशी जुळणारा खडक सापडत नाही. मातीत फरक सापडतो, तो झुडुपांनी आणि पाण्यानं मागाहून केलेला असतो.

उत्तर गणितातून आलं. १९५२ साली गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी दाखवलं होतं की सगळीकडे सारख्या असलेल्या द्रव्यातही आपोआप ठिपके आणि पट्टे उमटू शकतात. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: जवळच्या जवळ वाढीला मदत करणारा एक परिणाम, आणि लांबवर पोहोचणारा, वाढ रोखणारा दुसरा. ट्युरिंग रासायनिक द्रव्यांबद्दल बोलत होते. पठारावर मदत म्हणजे झुडुपाखालची सावली, पाचोळा आणि वाळवीनं मोकळी केलेली माती, तिचा पल्ला काही मीटर. रोखणारा परिणाम म्हणजे अडवलेलं पाणी. वरच्या झुडुपानं पाणी पिऊन टाकलं की खाली दूरवर टंचाई होते.

१९९५ मध्ये चौकटींच्या जाळ्यावर मांडलेलं एक सोपं मॉडेल नायजरच्या पट्ट्यांसाठीच तयार झालं. विखुरलेल्या झाडांपासून सुरुवात करून त्यात पट्टे उमटले. १९९७ साली ब्रसेल्सच्या रने लफेव्हर आणि ओलिव्हिये लज्यून यांनी वाघपट्ट्यांच्या उगमावर शोधनिबंध लिहिला. त्यांचा भर झुडुपांमधल्या परस्परसंबंधावर होता, म्हणजे एकमेकांना जवळून आधार आणि मुळांनी दूरवर ओढाताण. उतार नसला तरी नक्षी उमटू शकते, हे त्यातून पुढे आलं. १९९९ मध्ये ख्रिस्तोफर क्लाउसमायर यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दोन समीकरणांचं मॉडेल मांडलं. एक पाण्याचं, एक वनस्पतींच्या वस्तुमानाचं. पाणी उताराकडे वाहतं, झाडं हळूहळू पसरतात, झाडं जास्त तिथं पाणी जास्त मुरतं. एवढ्यावर उतारावर नियमित पट्टे मिळतात. मला या दोन समीकरणांचं फार मोल वाटतं, कारण त्यांच्या आत ‘पट्टा’ अशी कुठलीच गोष्ट आधी घातलेली नाही.

याच मॉडेलांतून एक गमतीदार भाकीत निघतं. रोप धरतं वरच्या कडेला, मरण येतं खालच्या कडेला. मग सगळा पट्टा हळूहळू उतार चढत गेला पाहिजे. वर्षाला काही इंच ते फार तर फूट-दोन फूट. झाडं जागेवरच असतात, सरकते ती रचना. याची खातरजमा करायला जुनी चित्रं हवीत. अमेरिकेच्या ‘कोरोना’ हेर-उपग्रहांनी १९६०च्या दशकात काढलेली छायाचित्रं १९९०च्या दशकात खुली झाली आणि ती इथं उपयोगी पडली. व्हँसाँ देब्लोव आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये वेगवेगळ्या खंडांतल्या पट्ट्यांची जुनी-नवी चित्रं ताडून पाहिली. काही ठिकाणी पट्टे खरोखरच उतार चढताना सापडले, काही ठिकाणी दशकानुदशकं जागचे हलले नव्हते. म्हणजे भाकीत सरसकट लागू नाही. उघड्या जमिनीचा पापुद्रा फारच कठीण असेल तर रोप वरच्या कडेलाही धरत नाही, आणि पट्टा जागीच थांबतो, हे मला पटणारं कारण आहे.

दुष्काळ, सरपण आणि तुटलेली रेष

१९६८ ते १९७४ आणि पुन्हा १९८३-८४, साहेलनं दोन भीषण दुष्काळ पाहिले. माणसं मेली, गुरांचे कळप संपले, खेड्यांतून लोक शहरांकडे आले. नियामे झपाट्यानं वाढलं. आज त्याची लोकसंख्या दहा लाखांच्या पुढे आहे. चुलीला लाकूड लागतं, आणि जवळचं लाकूड म्हणजे पठारावरच्या गेझा आणि सबारा. दोन्ही झुडुपं तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटतात, चांगली जळतात, डोक्यावर किंवा गाढवावर वाहून नेता येतात. सरपण म्हणून त्यांची निवड होणं अटळ होतं. तोडणाऱ्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. बहुतेकांच्या घरी दुसरं नगद उत्पन्न नव्हतं.

दुष्काळ आणि तोड यांचा परिणाम वेगळा करून दाखवणं अवघड असतं. निकोला बार्बिए आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी चांगली जागा शोधली: नैर्ऋत्य नायजरमधलं ‘डब्ल्यू’ राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेला परिसर. तिथं जमीन आणखी सपाट आहे, त्यामुळे पट्ट्यांऐवजी झुडुपांमध्ये उघडे ठिपके असतात. १९५६ ते १९९६ या काळातली हवाई छायाचित्रं त्यांनी तपासली. कोरड्या दशकांत नक्षी उद्यानाच्या आतही ठळक झाली, पण उद्यानाबाहेर, जिथं तोड आणि चराई होती, तिथं ती जास्त ठळक झाली. म्हणजे माणसाचा दाब झुडुपांना पाऊस कमी झाल्यासारखाच भासतो.

पट्ट्यांच्या पठारावर मात्र प्रश्न याहून गंभीर आहे. २००० साली वू, थुरो आणि व्हाइझनंट यांनी याच भागातल्या वाघपट्ट्यांच्या तुकडे होण्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. मला तो या प्रकरणाचा गाभा वाटतो. पट्टा सलग असतो तोवर वरून येणारी पाण्याची चादर कुठूनही सुटत नाही. त्यात एक खिंडार पडलं, मग ते तोडीमुळे असो, बैलगाडीच्या चाकोरीमुळे असो की गुरांच्या पायवाटेमुळे, की पाणी तिकडे वळतं. चादर गोळा होऊन धार बनते. धारेला वेग असतो, ती माती ओढून नेते, पुढच्या पट्ट्यावर ती पसरून न येता एकाच जागी आदळते आणि तिथंही खिंडार पाडते. काही वर्षांत एक नाली तयार होते आणि आजूबाजूच्या पट्ट्यांचं पाणी तीच पळवते. अशा वेळी झुडुपांचं एकूण क्षेत्र फारसं घटलेलं नसतं. टक्केवारी मोजणाऱ्याला सगळं ठीकच दिसेल. पण वाघपट्ट्याचं काम क्षेत्रफळावर चालत नाही, ते रेषेच्या अखंडपणावर चालतं.

नायजरनं सरपणाचा प्रश्न सोडवायला एक धाडसी पाऊल उचललं होतं, त्याचा उल्लेख करायलाच हवा. जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या ऊर्जा प्रकल्पातून ‘ग्रामीण लाकूड बाजार’ सुरू झाले, आणि १९९२च्या अध्यादेशानं त्यांना कायद्याचा आधार मिळाला. आपल्या भोवतालच्या रानातलं लाकूड गावाच्या समितीनं विकायचं, वर्षाचा कोटा ठरवायचा, कराचा काही भाग गावाकडे ठेवायचा. त्याआधी परवाना शहरातल्या व्यापाऱ्याच्या हाती असे आणि गावाला रान राखण्याचं कारणच उरत नसे. हा बदल मला मनापासून योग्य वाटतो. उणीव आहे ती कोट्याच्या मापात. कोटा लाकडाच्या परिमाणात ठरतो. दहा गाड्या लाकूड पट्ट्याच्या खालच्या कडेवरून आलं की वरच्या कडेवरून, हे त्यात दिसत नाही, आणि या रानात सगळा फरक तिथंच आहे.

खालच्या कडेची झुडुपं मरणारच असतात. तिथून लाकूड काढलं तर पट्ट्याचं नुकसान सर्वांत कमी. वरची कड तोडली तर रोपं जातात, गाळ सुटतो, पाणी अडवणारी पहिली फळीच उरत नाही. गाभ्यात आडवी तोड झाली तर खिंडार पडतं. म्हणून माझ्या मते तोडीचा नियम ‘किती’पेक्षा आधी ‘कुठून’ असा असायला हवा: खालच्या कडेनं, पट्ट्याच्या लांबीच्या दिशेनं, कुठेही आरपार न जाता. त्यातही एक मर्यादा पाळावी लागेल. वाळकं लाकूड सगळंच उचललं तर वाळवी उपाशी राहते, आणि पट्ट्याच्या आतली माती मोकळी ठेवण्याचं काम तिचंच आहे.

याच रानाचा आणखी एक वाटेकरी आहे. नियामेच्या आग्नेयेला सुमारे साठ किलोमीटरवर कूरे हे गाव आहे. पश्चिम आफ्रिकी जिराफांची निसर्गात उरलेली शेवटची टोळी याच भागात टिकून राहिली. १९९६ मध्ये त्यांची संख्या अवघी ४९ होती. संरक्षण मिळाल्यावर ती सहाशेच्या पुढे गेली. पावसाळ्यात हे जिराफ पठारावरच्या वाघपट्ट्यांत चरतात, कॉम्ब्रेटम आणि गिएराची कोवळी पानं खातात. पाऊस सरला की सखल भागाकडे, डालोल बोसोच्या दरीकडे उतरतात. जिराफ वाचवणं आणि झुडुपांची रेष सलग ठेवणं हे इथं एकच काम आहे.

नक्षी म्हणजे रोगाचं लक्षण?

अभ्यासकांमध्ये एक वाद गेली वीस-पंचवीस वर्षं चालू आहे. मॉडेल सांगतात की पाऊस कमी होत गेला की सपाट जमिनीवरची नक्षी ठरावीक क्रमानं बदलते. आधी सलग हिरवळीत उघडे ठिपके, मग नागमोडी चक्रव्यूह, मग उघड्या जमिनीवर हिरवे ठिपके, आणि शेवटी काहीच नाही. माक्स रीटकेर्क आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलं की अशा तुटक रचना अचानक होणाऱ्या कोसळण्याची आगाऊ सूचना असू शकतात. त्याच रीटकेर्कांच्या गटानं २०२१ मध्ये दुसरी बाजू पुढे आणली: नक्षी बदलत जाण्याच्या क्षमतेमुळेच परिसंस्था कोसळणं टाळू शकते, कारण पाऊस घटला तर सगळं एकदम मरण्याऐवजी पट्टे विरळ होतात, त्यांच्यातली अंतरं वाढतात, आणि उरलेल्यांना जास्त पाणलोट मिळतं.

नायजरच्या बाबतीत मी दुसऱ्या मताच्या बाजूनं आहे. दोन भीषण दुष्काळ पडले तेव्हा हे पट्टे तग धरून राहिले, ते या रचनेमुळे. नक्षी दिसली की रान आजारी, असा निष्कर्ष काढणारा सरकारी नकाशा पठाराला ‘ऱ्हास झालेली जमीन’ म्हणून रंगवतो, आणि मग उघड्या पट्ट्यांत रोपं लावायची योजना येते. तिथं रोपं जगली तर ती खालच्या पट्ट्याचं पाणी पितात, जगली नाहीत तर खर्च वाया जातो. आपल्याकडे माळरानाला ‘पडीक’ म्हणून खड्डे खणण्याची घाई होते, तिथली निसर्गव्यवस्था वेगळी असली तरी चुकीचं मूळ मला सारखंच वाटतं.

विहिरींचं पाणी का चढलं

या प्रकरणातली सर्वांत गोंधळात टाकणारी गोष्ट अजून सांगायची आहे. दुष्काळाच्या त्या दशकांत नैर्ऋत्य नायजरमध्ये भूजलाची पातळी खाली जायला हवी होती. ती वर आली. गिल्लोम फाव्रो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार १९६३ ते २००७ या काळात ती सुमारे चार मीटरनं वाढली.

कारण जमिनीच्या वापरात आहे. दऱ्याखोऱ्यांच्या वालुकामय उतारांवरची झाडी बाजरीच्या शेतांसाठी आणि सरपणासाठी साफ झाली. उघड्या मातीवर पापुद्रा धरला, पाणी मुरायचं थांबलं, वाहू लागलं. ते नाल्यांतून सखल भागातल्या तळ्यांत साचलं, आणि तळ्यांच्या तळातून झिरपून भूजलाला मिळालं. पूर्वी जे पाणी झाडांची मुळं पीत होती आणि पानांवाटे हवेत सोडत होती, ते आता जमिनीखाली पोहोचतंय.

विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईच्या दृष्टीनं ही वाढ चांगली आहे, आणि ती नाकारण्याचं कारण नाही. पण फक्त विहिरीच्या पातळीवरून त्या प्रदेशाचं आरोग्य ठरवणारा अधिकारी फसेल. शाबूत वाघपट्ट्यांच्या पठारावरून पाणी जवळपास बाहेर पडतच नाही. ते जिथं पडलं तिथंच लाकूड, पान, चारा बनतं. पट्टे तुटले की तेच पाणी, माती घेऊन, खाली तळ्यात जातं. पाणी नाहीसं झालेलं नाही, त्याचा धनी बदलला आहे. पठारावरच्या फुलानी गुराख्याचा चारा गेला, खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत भर पडली. हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडल्याशिवाय कुठल्याही योजनेला मी चांगली किंवा वाईट म्हणणार नाही.

तुटलेलं पठार पुन्हा सांधण्याचे प्रयत्न नायजरमध्ये झाले आहेत. उताराकडे पाठ केलेले अर्धचंद्राकृती बांध घालतात, समपातळीवर मातीचे लांब वरंबे घालतात, त्यामागे झाडं आणि गवत लावतात. जिथं बांधांच्या ओळींमध्ये पुरेशी उघडी जागा सोडली जाते, तिथं वाघपट्ट्याचं तत्त्व पाळलं जातं. जिथं जास्त झाडं दाखवायच्या हौसेनं अर्धचंद्र एकमेकांना चिकटून खणले जातात, तिथं खालच्या ओळीला पाणी कमी पडतं. आणि एक अडचण तर कुठल्याच आराखड्यात सुटलेली दिसत नाही. बांध जागेवर असतो, त्याच्यामागे गाळ साचतो, काही पावसाळ्यांत तो भरून जातो आणि पाणी वरून वाहून जायला लागतं; तो पुन्हा खणायला मजूर आणि पैसा लागतो. झुडुपांचा पट्टा गाळ साचेल तिथं स्वतःच एक पाऊल वर चढतो. म्हणून बांधामागे पहिल्या दोन-तीन वर्षांत गेझा आणि सबारा धरल्या का, आणि त्यांची नवी रोपं बांधाच्या वरच्या अंगाला दिसू लागली का, हे मोजणं बांधांची संख्या मोजण्याहून जास्त महत्त्वाचं आहे. रोपं वर सरकत असतील तर त्या ओळीला पुढे मजुरांची गरज उरणार नाही.